गोमेला शंभर पाय कधीच का नसतात?

प्रश्न असा आला आहे: "गोमेला शतपाद म्हणतात. मेलेल्या एका मोठ्या गोमेचे पाय मोजले, तर एकदा ४२ आले, एकदा ४४. मग शंभर गेले कुठे? नाव चुकीचे की माझी मोजणी?" त्याला जोडून आणखी दोन शंका आहेत: गोम नेमकी चावते कशाने, आणि ती कानात शिरते हे खरे का.

मोजणी जवळजवळ बरोबर आहे, नावच सैल आहे. ४२ हाच तुमच्या गोमेचा आकडा. ४४ आले तेव्हा बहुधा पुढच्या मिशा, म्हणजे शृंगिका, पायांत धरल्या गेल्या किंवा तोंडाखालची विषाची नखरे, म्हणजे नख्या. या नखरांकडे पुढे येतोच. पण यातली खरी गोम अशी की शंभराचा आकडा नुसता दुर्मीळ नाही, तो गोमेच्या शरीराच्या रचनेतच बसत नाही.

गोमेच्या धडाच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी असते आणि प्रौढ गोमेत या जोड्यांची संख्या विषम असते. १५, २१, २३, ३९, ४९, ५१ चालतील, पण २० नाही, ३० नाही आणि ५० तर नाहीच. शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही सम संख्या. सम जोड्यांचा एखाददुसरा विकृत नमुना नोंदला गेला आहे, पण तो अपवादच. एरवी शंभराच्या अलीकडचा शेवटचा थांबा ९८ आणि पलीकडचा पहिला १०२.

आज गोमेच्या तीन हजारांहून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांचे पाच गण पाडतात. भिंतीवरून सुळकन पळणारी, लांबलचक बारीक पायांची जी गोम न्हाणीघरात दिसते ती स्कुटिजेराच्या गणातली. तिला १५ जोड्या. दगडाखाली, पालापाचोळ्यात राहणारी तपकिरी, चपटी लिथोबियस; तिलाही १५. टास्मानिया आणि न्यूझीलंडमध्येच सापडणारा एक चिमुकला गण आहे, क्रेटेरोस्टिग्मस, तिथेही १५. ज्यांची भीती वाटते आणि ज्यांना मराठीत घोण असेही म्हणतात त्या दांडग्या गोमा स्कोलोपेंड्राच्या गणातल्या. त्यांना २१ किंवा २३. (घोण आणि घोणस यांत गल्लत नको, घोणस हा साप आहे.) पाचवा गण जमिनीत राहणाऱ्या, दोऱ्यासारख्या, आंधळ्या जिओफिलस मंडळींचा. यांच्या जोड्या २७ पासून थेट १९१ पर्यंत जातात. १९१ जोड्या म्हणजे ३८२ पाय. तेव्हा 'शतपाद' हे नाव काहींना तिपटीने मोठे आणि काहींना जवळजवळ चौपटीने तोकडे पडते.

स्कोलोपेंड्राच्या गणात २१ किंवा २३ ही चौकट इतकी पक्की मानली जात होती की २००८ साली ब्राझीलमधून वर्णन झालेल्या एका जातीने सगळ्यांना चकित केले. तिच्या जोड्या ३९ किंवा ४३. तिची अगदी जवळची बहीण २१-२३ जोड्यांची, आणि ही जवळपास दुप्पट. म्हणून तिचे जातिनामच 'डुप्लिकेटा' ठेवले. मधल्या २५, २७, २९ अशा पायऱ्या दाखवणारी कोणतीही जात तिथे नाही. उडी एकदम घेतलेली दिसते. आणि उडी घेतानाही विषम आकडा सुटला नाही, हे मला जास्त लक्षणीय वाटते.

हा विषमपणा येतो कुठून? यासाठी सर्वांत उपयोगी पडलेली गोम म्हणजे युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवर गोट्यांखाली राहणारी स्ट्रिगामिया मॅरिटिमा. तिच्या जोड्या पन्नासच्या आसपास असतात. एकाच किनाऱ्यावर ४७ जोड्यांची सापडेल, ४९ ची, ५१ ची, ५३ ची. माद्यांना साधारणपणे नरांपेक्षा जास्त. म्हणजे शंभर पायांच्या अगदी उंबरठ्यावर ही जात पिढ्यान्‌पिढ्या वावरते आणि नेमका ५० चा आकडा ओलांडून जाते. २००४ साली तिच्या भ्रूणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की धडाचे बरेचसे खंड एकेक करून घडत नाहीत. जनुकांचा पट्टा आधी दोन खंडांच्या अंतराने उमटतो आणि मग त्याच्या मधोमध दुसरा पट्टा उगवतो. जोड्या दोन-दोनने वाढत असतील तर ४९ नंतर ५१ येणार हे उघड आहे. अर्थात शेपटाकडचे काही खंड एकेक करूनच घडतात, त्यामुळे एवढ्या एका हिशेबाने सगळे कोडे सुटत नाही.

मग सुरुवात विषम आकड्याने का? कारण एक जोडी आपण मोजतच नाही. डोक्याच्या लगेच मागच्या, म्हणजे धडाच्या पहिल्या खंडाचे पाय गोमेत चालण्याच्या कामाचे राहिलेले नाहीत. ते पुढे वळून, जाड होऊन, टोकाला अणकुचीदार झाले आहेत. त्यांच्या आत विषाची ग्रंथी असते आणि टोकाजवळ विष बाहेर पडायचे छिद्र. हीच ती विषनखरे. ती जोडी धरली तर २१ चे २२ होतात, ४९ चे ५०. तुमचे दुसऱ्या खेपेचे ४४ तसे आले असतील, तर शरीररचनेच्या भाषेत तेही चूक म्हणता येणार नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर इथेच मिळते. गोम तोंडाने चावत नाही आणि शेपटाने डंखही मारत नाही. ती पुढच्या पायांनी टोचते. तिचे खरे जबडे लहान असतात, ते विषनखरांच्या आड झाकलेले असतात आणि त्यांचे काम घास फोडण्याचे. चावा म्हणतात त्या जागी बारकाईने पाहिले तर थोड्या अंतरावर दोन टोचे दिसतात, ते या दोन नखरांचे. असे विषारी पाय प्राणिसृष्टीत दुसऱ्या कोणाकडे नाहीत. शास्त्रीय नाव देणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट पकडली. लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये या वर्गाला 'कायलोपोडा' म्हटले. ग्रीक भाषेत 'खेलोस' म्हणजे ओठ आणि 'पोद' म्हणजे पाय. ओठ झालेले पाय. पुष्कळ ठिकाणी या नावाचा अर्थ 'हजार पाय' असा दिलेला आढळतो. तो 'खिलिओइ' या हजार अर्थाच्या शब्दाशी झालेल्या घोटाळ्यातून आला आहे. माझे मत विचाराल तर या प्राण्याला मिळालेल्या नावांत हे सर्वांत अचूक नाव, कारण त्यात पाय किती हे न सांगता पायांचे काय झाले ते सांगितले आहे.

बाकीच्या भाषांनी आकड्यांवरच भर दिला, आणि तो खेळ मोठा मजेदार आहे. लॅटिनवरून आलेले 'सेंटिपीड' म्हणजे शंभर पायांचा. संस्कृतातली 'शतपदी' तेच सांगते. जपानी 'मुकादे' लिहिताना 'शंभर' आणि 'पाय' अशीच चिन्हे वापरतात. फारसीत 'हजारपा'. डच लोक गोमेलाच 'हजार पायांची' म्हणतात, त्यामुळे वाणी या किड्यासाठी त्यांना 'दहा लाख पायांचा' असा शब्द योजावा लागला! पोलिश भाषेत 'शंभर पाय' या अर्थाचा शब्द लाकडाखालच्या ज्या किड्याला लावतात त्याला पाय अवघे १४. रशियन आणि ग्रीक लोक मात्र गोमेला 'चाळीस पायांची' म्हणतात.

हा चाळीसचा आकडा मला फार आवडतो. या भाषांत चाळीस म्हणजे पुष्कळ असाही एक जुना अर्थ आहे, तेव्हा कुणी गोम हातात धरून मोजत बसले होते असे म्हणायचे कारण नाही. पण आकडा बसतो मात्र चपखल. मोठ्या स्कोलोपेंड्राला २१ जोड्या, म्हणजे ४२ पाय. त्यांतली शेवटची जोडी चालण्यासाठी नसतेच. ती मागे फरफटत येते, शत्रूला चिमटा काढते, जोडीदाराला चाचपते, भक्ष्य आवळून धरायलाही लागते. आफ्रिकेतल्या अलिपीस या गोमेत ही जोडी पानासारखी पसरट झालेली असते आणि ती थरथरवून खरखर आवाज करते. ही जोडी वगळली की चालायचे पाय राहतात बरोबर चाळीस.

मागचे पाय किती कामाचे असतात याचे सर्वांत थक्क करणारे दर्शन व्हेनेझुएलातल्या एका गुहेत घडले. स्कोलोपेंड्रा जायगँटिया ही ३० सेंटिमीटरपर्यंत वाढणारी गोम तिथे गुहेच्या छताला मागच्या पायांनी घट्ट धरून लोंबकळत होती आणि पुढच्या पायांत वटवाघूळ पकडून ते खात होती. २००५ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. वटवाघूळ गोमेपेक्षा वजनाने कितीतरी जड होते.

संस्कृतकडे परत येतो, कारण तिसरी शंका तिथेच जाते. अमरकोशात 'शतपदी'ला जोडून दुसरे नाव दिले आहे 'कर्णजलौका', म्हणजे कानातली जळू. हिंदीतल्या 'कनखजूरा'तही कान आहेच. म्हणजे गोम कानात शिरते ही समजूत आजची नाही, ती नावांतच रुजली आहे. खरे काय? गोम कान शोधत येत नाही. तिला अंधारी, ओलसर, अंगाला सगळीकडून टेकेल अशी फट हवी असते. तिच्या त्वचेवर कीटकांसारखे मेणाचे पुरते अस्तर नसते आणि बहुतेक गोमांना श्वसनाची छिद्रे घट्ट मिटता येत नाहीत, त्यामुळे उघड्यावर ती झपाट्याने वाळते. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या कानात गोम गेल्याची प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत, पण थोडी. मेंदूपर्यंत पोचते वगैरे सगळे खोटे, मध्ये कानाचा पडदा असतो. असे झालेच तर काडी किंवा चिमटा घालू नका, ती घाबरून टोचते. सरळ कानाच्या डॉक्टरांकडे जा.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, तर शतपदीचे आठ प्रकार दिले आहेत: परुषा, कृष्णा, चित्रा, कपिला, पीतिका, रक्ता, श्वेता आणि अग्निप्रभा. सगळी नावे रंगावरून किंवा रूपावरून; पायांच्या संख्येवरून एकही नाही. दंशाने सूज, वेदना आणि दाह होतो, आणि शेवटच्या दोघींच्या दंशाने दाह व मूर्च्छा जास्त, शिवाय पांढऱ्या पुटकुळ्या येतात असे वर्णन आहे. आजही दंश झालेला माणूस पहिली तीन लक्षणे सांगतो. उपाय साधा: जखम साबणाने धुवायची, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवायचा, वेदनाशामक घ्यायचे. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. धाप लागली, अंगभर गांधी उठल्या, चेहरा सुजला, किंवा दंश लहान मुलाला झाला, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

आता पायांच्या संख्येची दुसरी बाजू. ही संख्या ठरते कधी? स्कोलोपेंड्रा आणि जिओफिलस गटांत अंड्यातच. आई अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळे घालून कित्येक आठवडे न खाता बसते, अंडी चाटत राहते म्हणजे बुरशी धरत नाही. फार डिवचले तर तीच अंडी खाऊन टाकते. या पिल्लांना पहिल्या दिवसापासून पायांच्या पुऱ्या जोड्या असतात. मग ती कितीही वेळा कात टाको, एकही जोडी वाढत नाही. स्ट्रिगामियाच्या बाबतीत तर अंडी उबदार जागी वाढली तर पिल्लांना सरासरीने जास्त खंड येतात असेही प्रयोगांत दिसले आहे. स्कुटिजेराचे मात्र उलट: तिचे पिल्लू अवघ्या चार जोड्या घेऊन बाहेर पडते आणि कात टाकत टाकत ५, ७, ९, ११, १३ असे करत १५ वर पोचते. चार ही सम संख्या आहे हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. म्हणूनच वर 'प्रौढ गोमेत' असे मुद्दाम म्हटले.

'गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही' ही म्हण आपण श्रीमंताच्या किरकोळ नुकसानीसाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या कसोटीवर ती पुरेपूर उतरते. स्कुटिजेराचा पाय पालीने किंवा कोळ्याने धरला तर ती तो सांध्यातून सोडून देते आणि पळते. सुटलेला पाय काही क्षण वळवळत शत्रूला गुंतवून ठेवतो. पुढच्या काती टाकताना नवा पाय येतो, आधी खुजा, मग पुरा. प्रत्येक खंडाला स्वतःची चेतागुच्छिका, म्हणजे मज्जातंतूंची गाठ, असल्याने पायांच्या लाटेत एखादी जागा रिकामी राहिली तरी लाट मोडत नाही. गोम मधोमध कापली तर दोन्ही तुकडे चालतात हे ॲरिस्टॉटलनेही टिपून ठेवले आहे. मागचा तुकडा जगत नाही, हे सांगायला हवे.

वाण्याचे काय, असे कुणीतरी विचारणारच. वाणी, म्हणजे स्पर्श होताच पैशासारखा गोल होणारा तो सहस्रपाद, गोमेचा दूरचा नातेवाईक. तो शिकारी नाही, कुजका पाला खातो. त्याच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. 'हजार पाय' हे नाव मात्र त्यालाही कित्येक शतके फुकटच मिळालेले होते; कॅलिफोर्नियातल्या एका जातीचे ७५० पाय हाच विक्रम होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात खनिजांसाठी खोदलेल्या विंधनविवरात, ६० मीटर खोलीवर सापडलेल्या यूमिलिपीस पर्सेफनी नावाच्या वाण्याचे वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या एका मादीला १,३०६ पाय भरले. हजारावर जाणारा हा पहिला. गोमेला शंभर गाठायची अशी संधी नाही. तिला ९८ किंवा १०२ वर समाधान मानावे लागेल.

शेवटी मोजण्याची रीत, कारण तुमचे दोन आकडे वेगळे आले ते रीतीमुळे. आम्ही पाय मोजत नाही, पाठीवरच्या पट्ट्या मोजतो. मेलेली गोम अल्कोहोलमध्ये ठेवून सरळ करा. पाय गुंततात, तुटतात, एकमेकांखाली दडतात. पट्ट्या कुठे जात नाहीत. स्कोलोपेंड्राच्या पाठीवर एक पट्टी आखूड, एक लांब असा क्रम दिसतो, पण सातवी आणि आठवी लागोपाठ लांब. हा खुणेचा दगड. पुढून मोजताना तिथे लांबीचा क्रम मोडला नाही, तर समजा की डोक्यामागची पट्टी सुटली किंवा दोनदा धरली गेली. खात्री करायची असेल तर भिंगातून कुशीवरची श्वसनछिद्रे पाहा: ३, ५, ८, १०, १२, १४, १६, १८ आणि २० या खंडांवर ती तिरप्या फटीसारखी दिसतात. विसाव्या खंडावर छिद्र आणि त्यापुढे जाड, काटेरी मांडीची शेवटची जोडी, म्हणजे २१ झाल्या. गोम उलटी करून डोक्याखाली पाहिलेत तर न मोजलेली बाविसावी जोडी, काळसर टोकांची, तिथे मिटलेली दिसेल.